ईकोई डॉट नेट: नामंजूर झालेल्या आश्रयाच्या केससाठी कागद शोधताना

पहिलंच सांगते. ही साइट फुकट आहे. ऑस्ट्रियातल्या रेड क्रॉसचा ‘अकॉर्ड’ नावाचा विभाग ती चालवतो. मायदेशी छळ होईल या भीतीनं परदेशात आश्रय मागणाऱ्या माणसाच्या देशात काय चाललंय हे कागदानं सिद्ध करायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. टाइप करताना ई, सी, ओ, आय आणि पुढे डॉट नेट. शोधायला लॉगिन लागत नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहते. नागपुरातून एलएलबी केलं, काही वर्षं गोंदियाला दिवाणी कामं केली, आणि आता घरूनच अमेरिकेतल्या एका वकिली ऑफिससाठी पेपरबुकं तयार करते. ज्यांचा आश्रयाचा अर्ज एकदा फेटाळला गेलाय आणि त्यानंतर त्यांच्या देशात परिस्थिती पालटली आहे, अशांच्या केसेस माझ्याकडे येतात. काय पालटलं ते दाखवणारे कागद शोधायचे, तारखेनं लावायचे, कुठल्या पानावर काय आहे ते लिहून द्यायचं. तिकडची सकाळ म्हणजे आमची रात्र, त्यामुळे शेजारच्या काकू अधूनमधून विचारतात, “काहून वं बाई, रातभर लाइट चालू राहते तुह्या खोलीत?” थ्री-फेज रात्रीची असली की त्यांच्या घरचेही मोटर सुरू करायला बांधावर जातात, तेव्हा जागी मी एकटीच नसते.

आमच्या भागाला हा विषय परका नाही. गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिकडे गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. पण भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. इथल्या लोकांना जे मिळालं ते सरकारी निर्णयांनी मिळालं. ‘तुमचा अर्ज नामंजूर, आता तीस दिवसांत वरच्या कोर्टात जा’ असली पायरी आम्ही इथं कधी पाहिली नव्हती. ती मी या कामात शिकले.

साइट कशासाठी मोलाची आहे ते कळायला ही पायरी समजून घ्यावी लागते.

लोकांना वाटतं, देशात उलथापालथ झाली की कोर्ट आपण होऊन केस पुन्हा उघडेल. तसं होत नाही. अमेरिकेत कोर्टातली केस आधी इमिग्रेशन जज, म्हणजे परदेशी माणसाला राहू द्यायचं की परत पाठवायचं हे ठरवणारा न्यायाधीश, ऐकतो, त्यावर अपिलाचं बोर्ड. बोर्डाचा अंतिम आदेश झाल्यावर केस पुन्हा उघडायची तर साधारणपणे एकच अर्ज करता येतो, तोही ९० दिवसांत. ही मुदत सुटते ती मोजक्या कारणांनी, आणि त्यातलं मुख्य कारण म्हणजे मायदेशातली परिस्थिती बदलणं. पुरावा महत्त्वाचा हवा आणि आधीच्या सुनावणीच्या वेळी तो मिळण्यासारखा नव्हता, असंही दाखवावं लागतं. माणसाची स्वतःची परिस्थिती बदलली, म्हणजे अमेरिकेत येऊन तो मोर्च्यांना जाऊ लागला, एवढ्यानं हे भागत नाही. बदल तिकडे, देशात व्हायला हवा.

बोर्डानं २००७ च्या एका निकालात पद्धत स्पष्ट केली आहे: अर्जासोबत आलेला पुरावा मूळ सुनावणीच्या वेळच्या परिस्थितीशी ताडून पाहायचा. इथंच बहुतेक अर्ज मार खातात. वकील तळमळीनं पाचशे पानं लावतो, प्रत्येक पानावर अत्याचार, अटका, कोठडीतले मृत्यू. बोर्ड म्हणतं, हे तेव्हाही होत होतं, आजही होतं, मग बदललं काय? देश वाईट आहे हे सिद्ध करूनही केस हरता येते. सुनावणीच्या दिवसापेक्षा तो आज जास्त वाईट आहे, आणि याच माणसासाठी वाईट आहे, हे दाखवावं लागतं.

बोर्डानं नकार दिला तर ३० दिवसांत फेडरल अपील कोर्टात जाता येतं. असे नकार कोर्टाला तपासता येतात की नाही यावरही वाद होता. कुकाना नावाच्या अल्बानियाच्या माणसाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं की तपासता येतात. त्याचंही म्हणणं हेच होतं की अल्बानियात परिस्थिती बिघडली आहे, आणि बोर्ड म्हणत होतं की उलट सुधारली आहे. पण कोर्टात गेलात तरी तिथे नवा कागद लावता येत नाही. बोर्डासमोर जी फाइल होती तीच कोर्ट वाचतं. जो अहवाल बोर्डाला पाठवायचा राहिला, तो कितीही दाहक असो, कोर्टाच्या दृष्टीनं नाहीच. कोर्ट एवढंच पाहतं की बोर्डानं पुढ्यातला पुरावा खरोखर विचारात घेतला का, तुलना केली का, आणि कारण नीट दिलं का.

म्हणून आमच्या कामात तारीख सगळ्यात वर. सातबारा आज कोणाच्या नावानं आहे एवढ्यावर जमिनीचा दावा निघत नाही, जुने फेरफार काढून अमुक साली काय नोंद होती ते दाखवावं लागतं, अगदी तसं. ईकोई डॉट नेट मला आवडते ती याच कारणानं. तिथल्या प्रत्येक दस्तऐवजावर मूळ प्रकाशनाची तारीख ठळक असते, आणि शोधताना देश, स्रोत आणि ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं बंधन घालता येतं. गुगलवर शोधलं तर आजचं वर येतं, जुनं गाडलं जातं. आम्हाला जुनंही तितकंच हवं असतं.

एक उदाहरण देते. माणसाची ओळख पटेल असं काही सांगत नाही. म्यानमारचा तरुण, अर्ज नामंजूर झाला तेव्हा तिकडे निवडून आलेलं सरकार होतं. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या ऑफिसचा भर मात्र सक्तीच्या लष्करभरतीवर होता. तो कायदा २०१० चा. सरकारी वकिलाचं म्हणणं साहजिक: कायदा तर सुनावणीच्या आधीपासूनचा, नवीन काय? कायदा कागदावर होता हे खरं, पण लष्करी राजवटीनं तो लागू केल्याची घोषणा केली १० फेब्रुवारी २०२४ ला. १८ ते ३५ वयाचे पुरुष आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रिया त्याच्या कक्षेत. पहिली तुकडी त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रशिक्षणाला नेली.

मी शोध दोनदा लावला. देश म्यानमार, शब्द भरतीचे, आणि तारखेचा पट्टा सुनावणीच्या दिवसापर्यंत. जे निघालं त्यात मिसरूडही न फुटलेल्या मुलांना लष्करात ओढल्याच्या तक्रारी होत्या, वांशिक सशस्त्र गटांच्या भरतीचे उल्लेख होते, पण २०१० चा कायदा सर्वसामान्य तरुणांवर चालवला जातोय असं कुठंच नव्हतं. मग तेच शब्द, पट्टा फेब्रुवारी २०२४ पासून पुढे. आता याद्या, घराघरांत जाऊन नोंदी, पळून जाणाऱ्यांच्या घरच्यांवर दबाव, देश सोडण्यावर बंधनं. डाव्या रकान्यात पहिलं, उजव्यात दुसरं, प्रत्येकापुढे स्रोत, तारीख, पान. तो तक्ता दोन पानांचा झाला. पाचशे पानांचं पेपरबुक त्याच्या मागे होतंच, पण वकीलसाहेबांनी युक्तिवादाची बांधणी त्या दोन पानांवर केली.

एक खाचखळगा इथं सांगायला हवा. नुसती सक्तीची भरती म्हणजे छळ, असं अमेरिकेतला कायदा मानत नाही. प्रत्येक देशाला सैन्य उभारायचा हक्क आहे असं धरलं जातं. त्यामुळे भरती नाकारणाऱ्याला विरोधक समजून काय शिक्षा होते, भरती झालेल्यांकडून कोणती कृत्यं करवून घेतली जातात, हे वेगळं शोधावं लागलं. इथं साइटनं हात दिला, कारण एकाच ठिकाणी संयुक्त राष्ट्रांचे अहवाल, ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या मोठ्या मानवाधिकार संस्थांचे अहवाल, सरकारांचे अहवाल आणि लहान संस्थांची टिपणं सगळं येतं. सरकारी अहवालात एक ओळ असते, लहान संस्थेच्या टिपणात गाव, वय, तारीख असते. दोन्ही एकमेकांना धरून ठेवले की बोर्डाला ‘हे एकट्या संघटनेचं म्हणणं’ असं म्हणता येत नाही.

आता त्रास. साइट इंग्रजी आणि जर्मनमध्ये चालते. इंग्रजी सराईत नसेल तर दमछाक होते. नावांच्या स्पेलिंगचा घोळ मोठा: म्यानमार आणि बर्मा, रखाइन आणि अराकान, यांगोन आणि रंगून, सगळी रूपं वेगवेगळी टाकून पाहावी लागतात. खेड्याच्या नावानं शोधलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. तालुका, जिल्हा, प्रांत असं वर वर जावं लागतं. माणूस मात्र त्या एका खेड्याचाच असतो, आणि जज नेमकं तेच विचारतो. काही दस्तऐवजांची प्रत साइटनं स्वतःकडे ठेवलेली असते, काहींचा नुसता दुवा असतो, आणि दुवा मेला की संपलं. अशा वेळी मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनं पान शोधते. तिथं मिळालं तर पान कोणत्या तारखेला जतन झालं हेही दिसतं, तो आणखी एक फायदा.

नेटवर्कबद्दल साइटला दोष देणं बरोबर नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर गेला की शेदीडशे पानांची पीडीएफ उतरत नाही. त्यामुळे मी आधी यादी करते, मग नेट बरं असलं की एकदम सगळं उतरवून घेते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची रेफवर्ल्ड ही साइटही वापरते. करार, मार्गदर्शक सूचना, देशोदेशीचे निकाल शोधायला ती जास्त चांगली. कॅनडाच्या निर्वासित बोर्डाचे प्रत्येक देशावरचे दस्तऐवज-संच मला फार आवडतात. विषयवार मांडलेले असतात, आणि ‘अमुक देशात अमुक ओळखपत्र कसं मिळतं’ अशा साध्या प्रश्नांची सविस्तर उत्तरं त्यात सापडतात. कॅनडाचा मामला थोडा वेगळा आहे. तिथे अर्ज शेवटी फेटाळला गेला की फेडरल कोर्टात जायला १५ दिवस, आधी परवानगी मागायची, आणि तिथेही कोर्ट साधारणपणे जुनीच फाइल पाहतं. नंतर परिस्थिती बदलली तर हद्दपारीआधी धोक्याची तपासणी मागता येते, पण एरवी त्यासाठी नकारानंतर १२ महिने थांबावं लागतं, आणि त्यात नवाच पुरावा चालतो. तेव्हा नवं-जुनं वेगळं करण्याचं काम तिथेही सुटत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वार्षिक मानवाधिकार अहवालांबद्दल मला मनापासून चिंता आहे. कोर्टं आणि बोर्ड या अहवालांना मोठा मान देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले २०२४ चे अहवाल आधीच्या मानानं फार आखूड केले गेले, कितीतरी विषय वगळले गेले. आता कोणी जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवून म्हणेल की बघा, तेव्हा अत्याचाराची नोंद होती, आता नाही, म्हणजे सुधारणा झाली. मथळा काढून टाकला म्हणून घटना थांबत नाहीत. म्हणून एकाच स्रोतावर विसंबू नये, आणि म्हणूनच शंभरावर स्रोत एकत्र ठेवणारी ही साइट आज पूर्वीपेक्षा जास्त लागते.

परिस्थिती उलट बाजूनंही बदलते. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियात असदची सत्ता गेली आणि युरोपातल्या कितीतरी देशांनी लगोलग सीरियनांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. आता सरकारं म्हणतात, ज्याची भीती होती तो गेला. तिथेही तारखेचं काम आमच्यासारख्यांना करावंच लागतं: सत्ता बदलली हे खरं, पण या माणसाच्या गावात, त्याच्या जातजमातीसाठी, आज काय आहे? ग्वाटेमालाच्या व्हेंचुरा नावाच्या माणसाच्या केसमध्ये अपील कोर्टानं परराष्ट्र खात्याचा १९९७ चा अहवाल वाचून स्वतःच ठरवून टाकलं होतं की धोका टळेल इतकी परिस्थिती काही बदललेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये ते काम बोर्डाकडे परत पाठवलं. परिस्थिती बदलली की नाही हे आधी बोर्डानं पाहायचं, आणि मधल्या पाच वर्षांत काय झालं याचा पुरावाही येऊ द्यायचा. मला तो निकाल कायद्यानं पटतो. पण पाच वर्षं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं, हेही डोक्यातून जात नाही.

युरोपातली पद्धत मला जास्त न्यायाची वाटते. जर्मनीत आश्रयाच्या खटल्यात कोर्ट शेवटच्या तोंडी सुनावणीच्या दिवशी काय परिस्थिती आहे ते पाहतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं तर १९९६ मध्ये, चहल या भारतीय शीख माणसाच्या खटल्यात, सांगितलं की त्याला अजून परत पाठवलेलं नसेल तर धोका आजच्या तारखेला मोजायचा. मागचा इतिहास उपयोगी, पण निर्णायक आजची परिस्थिती. तेव्हा पंजाब शांत होत चालला होता, ब्रिटन सरकार तेच म्हणत होतं. न्यायालयानं पंजाब पोलिसांबद्दलचे अहवाल तपासले आणि त्याला परत पाठवू नये असं ठरवलं. ज्या माणसाला विमानात बसवायचं आहे तो उद्या उतरणार, तेव्हा कोर्टानं उद्याच्या जवळची तारीख पाहावी, याहून सरळ काय असू शकतं?

आपल्याकडच्या घरांसाठी एक गोष्ट. विदर्भातून परदेशी गेलेली पोरं आता कमी नाहीत, आणि व्हिसा संपला की ‘आश्रयाचा अर्ज टाकून देतो’ म्हणणारे भेटतात. माझ्या नात्यातल्या एका मुलाकडून अशाच एका सल्लागारानं पैसे घेतले, छापील गोष्ट लिहून दिली, देशाबद्दलचे कागद म्हणून दुसऱ्याच राज्यातल्या दंगलीची कात्रणं लावली, आणि नकार आल्यावर ‘परिस्थिती बदलली दाखवून परत उघडू’ म्हणून पुन्हा पैसे मागितले. बदललं काहीच नव्हतं. अशा खोट्या फायलींचा भार त्या म्यानमारच्या पोरासारख्यांच्या डोक्यावर येतो, कारण बोर्डावरची माणसं मग खऱ्या कागदाकडेही संशयानं पाहतात. मी मावशीला सांगितलं की त्याला खऱ्या परवानाधारक वकिलाकडे न्या आणि सगळं खरं सांगायला लावा.

ज्यांना हे काम शिकायचं आहे त्यांच्यासाठी अकॉर्डनं काढलेली माहिती शोधण्याच्या पद्धतीवरची प्रशिक्षण पुस्तिकाही फुकट मिळते. ती आधी वाचा, स्रोत कसा तोलायचा हे त्यात छान सांगितलंय. मग साइटवर बसा. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा कापला तो गावपातळीच्या शोधासाठी आणि तुटलेल्या दुव्यांसाठी. उतरवलेल्या प्रत्येक पीडीएफच्या नावातच मूळ तारीख आधी लिहा, वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं, म्हणजे फोल्डर आपोआप लागतो. आणि इंग्रजीत नसलेला कागद लावायचा असेल तर प्रमाणित भाषांतराची सोय आधी करा, त्याशिवाय तो फाइलवर घेतला जात नाही.